अंगठा आधी जातो

मंगळ., ७ जाने.

केदारने केबिनमध्ये बोलावलं. (आमचा डिझाइनचा हेड. यापुढे के. लिहीन, बोटं दुखतात.) दार लावून घेतलं तेव्हाच कळलं, साधं काही नाही.

"रेहाना, एक छोटं काम आहे. तू दिवाळीनंतर आलीस, जुन्या स्क्रीनशी तुझा संबंध नाही. म्हणून तूच कर."

काम असं. वाशीच्या ज्या हॉस्पिटलमध्ये (यापुढे हॉ.) आपलं सॉफ्टवेअर चालतं तिथे गेल्या महिन्यात एक पेशंट गेला. पेनिसिलिनची ॲलर्जी, तशी नोंदही होती. डॉक्टरने फोनवर सांगितलेलं औषध सिस्टरने टॅबवर टाकलं, इशारा आला, तिने ‘पुढे जा’ दाबलं, इंजेक्शन दिलं. सिस्टर सस्पेंड. आता हॉ.ला आपल्याकडून लेखी हवंय की स्क्रीन डिझाइनच्या नियमावलीप्रमाणेच होता.

"होता का?"

"शंभर टक्के. तेवढंच लिहायचंय."

महापे ते कोपरखैरणे रिक्षात बाजूच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. 

बुध., ८ जाने.

दिवसभर तपासलं. के.चं बरोबर आहे. स्क्रीनमध्ये एकही चूक नाही.

पिवळा चौकोन, नियमाप्रमाणे. मजकूर दोन ओळींत, नियमाप्रमाणे. लाल रंग नाही, कारण नियमावलीत लाल फक्त सिस्टिम बंद पडली तर. ‘पुढे जा’ निळं, खाली उजवीकडे. ‘मागे जा’ पांढरं, डावीकडे. पेशंटचं नाव वर कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरांत, कारण ती ‘दुय्यम माहिती’.

करड्या अक्षरात संतोष लिहिलं होतं. वय माझ्याएवढं.

कॉलेजात मी असा स्क्रीन करून दाखवला असता तर सरांनी वर्गाला दाखवला असता.

गुरु., ९ जाने.

आज दुसऱ्या इशाऱ्यांचे स्क्रीन काढून बाजूबाजूला लावले. ‘हे औषध जेवणानंतर द्यावे.’ पिवळा चौकोन, निळं बटण, उजवीकडे. ‘पॅरासिटामॉलची नोंद आज आधीच झाली आहे.’ पिवळा, निळं, उजवीकडे. ‘पेशंटचे वजन भरलेले नाही.’ तेच. ‘पेशंटला या औषधाची तीव्र ॲलर्जी आहे.’ तेच. अगदी तेच.

लांबून बघितलं तर चारही एकच.

त्या सिस्टरच्या लॉगमध्ये (काय कधी दाबलं त्याची नोंद) दिसतं, चौकोन आला आणि लगेच गेला. वाचायला वेळच नाही तेवढ्यात. तिने वाचलं नाही हे खरं. पण वाचायला हवं असं तिला वाटावं, याची काही सोय आपण

(अम्मीने हाक मारली. वाक्य राहिलं. राहू दे.)

शनि., ११ जाने.

हॉ.मध्ये गेले. ज्या वॉर्डात झालं तिथे नाही जाऊ दिलं, वरच्या मजल्यावरच्या मेडिसिन वॉर्डात बसवलं. सिस्टर जिन्सीच्या मागे मागे फिरले. मूळ केरळची, पण नवी मुंबईत इतकी वर्षं झाली की मराठीत भांडते. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात टॅब, टॅब अंगठ्याने चालवायचा.

मी फक्त अंगठा बघत होते. चौकोन यायच्या आधीच तो खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबलेला असतो. चौकोन येतो, बटण बरोबर अंगठ्याखाली उगवतं, संपलं. तिचे डोळे तेव्हा पेशंटकडे, सलाइनकडे, दाराशी भांडणाऱ्या नातेवाइकाकडे.

विचारलं, "सिस्टर, आता काय लिहिलं होतं त्यावर?"

"कशावर?"

चिडवत नव्हती. खरंच तिला कळलं नाही मी कशाबद्दल बोलतेय.

सोम., १३ जाने.

के.शी बोलले. म्हटलं, लिहिते, पण दोन वाक्यं लिहिणार. एक, स्क्रीन नियमावलीप्रमाणे होता. दोन, त्यामुळेच सवय लागली आणि त्या सवयीत इशारा बुडाला. ॲलर्जीचा स्क्रीन वेगळा हवा. इतका वेगळा की हात अडखळला पाहिजे.

के.ने एक सांगितलं, ते तसंच उतरवून ठेवते.

त्याची पहिली नोकरी रक्तपेढीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. तिथे प्रत्येक डिझाइनरचा स्क्रीन वेगळा. एकात ‘रद्द’ डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. एका टेक्निशियनने ‘रद्द’ समजून ‘पाठवा’ दाबलं. भलत्या गटाची पिशवी गेली. "तो माणूस झोपेत नव्हता, रेहाना. हुशार होता. बटण फक्त पलीकडे होतं. त्यानंतर मी ही नियमावली लिहिली. हात अडखळला पाहिजे म्हणतेस, अडखळलेला हात मी बघितलाय."

दोन्ही वाक्यं कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवली. 

"दुसरं वाक्य काढ," म्हणाला. "पहिलं खोटं नाही ना?"

नाही. पहिलं खोटं नाही.

मंगळ., १४ जाने.

सही केली नाही. के.ने स्वतःच्या नावाने एका वाक्याचं पत्र पाठवलं. ऑफिसात तिळगूळ वाटला, मला देताना त्याने दुसरीकडे बघितलं. मी घेतला, गोड बोलले नाही.

अम्मीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "नवी नोकरी. तीन महिने नाय झाले. तू डॉक्टर नाय, पोलिस नाय. तोंड बंद ठेवलंस तर कोणी मरणार हाय काय?"

मग तिचं तिलाच कळलं काय बोलली ते. मेथी तशीच ठेवून आत गेली.

रवि., १९ जाने.

घणसोली गावात जाऊन आले. सस्पेंड झालेली सिस्टर तिथेच राहते. प्रणाली. नंबर जिन्सीने दिला. फोनवर म्हणाली, "या, पण पत्रकार असाल तर येऊ नका."

गावठाणातली गल्ली, दोन घरांमध्ये छत्री उघडता येणार नाही एवढी. चार मजले, खाली दुकान, मधे भाडेकरू, वर ही मंडळी. सासरे दारातच बसलेले. शेती सिडकोत गेली त्या पिढीतले. मी कोण ते सांगितलं.

"म्हंजे तू ते डबड्याची कंपनीवाली हाय?"

"हो, काका."

"बस. पानी घे." मी पाणी घेतल्यावर, "डबडा बोलला ‘थांब’, असा तुमी सांगता. माजी सून सांगते, तो दिसभर हेच बोलतो. मग कोनाचा खरा?"

"दोघांचंही, काका."

"दोगांचा खरा आनि घरी बसली एकटी ही."

प्रणाली बारीक, हसरा चेहरा असावा पूर्वी. पुन्हा पुन्हा तेच सांगत होती: त्या पाळीत एक सिस्टर कमी होती, बाथरूममध्ये एक आजोबा पडले होते, ती धावत होती. "पण मॅडम, मी दाबलं. मी नाही म्हणत नाही. माझ्याच बोटाने गेला तो. त्याची बायको खाली पाय चेपत बसलेली. मला म्हणाली, सिस्टर, दुखणार नाही ना त्यांना?"

शेजारच्या बायका आता तिच्याशी पाण्याच्या वेळेचंसुद्धा बोलत नाहीत.

चार सारख्या चौकोनांचं आणि अंगठ्याच्या सवयीचं तिला सांगितलं. हॉ.ची चौकशी फेब्रुवारीत. निघताना तिने विचारलं, "तुम्ही जे आता बोललात ते तिकडे बोलाल?"

हो म्हणाले. पटकन म्हणून गेले. 

शुक्र., २४ जाने.

वळण. हॉ.लाच आता काहीतरी ‘सुधारणा केली’ म्हणून दाखवायचंय. पेपरात दोन ओळी आल्यात. त्यांनी के.ला फोन केला. के. माझ्या टेबलापाशी आला: "तुझा तो अडखळणारा स्क्रीन. एका वॉर्डात पायलट, चाचणीपुरता. फक्त तीव्र ॲलर्जी, बाकी कशालाही नाही. नियमावलीतून सूट म्हणून मी सही करतो."

आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा. एक माणूस गेला म्हणून मिळालेली सूट. 

बुध., २९ जाने.

काम सुरू. गंमत म्हणजे वाईट स्क्रीन करणं फार अवघड. हात आपोआप चांगलं करायला जातो. बटण कोपऱ्यात ओढलं जातं, कडा गोल होतात, मधे मोकळी जागा सोडली जाते. सगळं परत पुसायचं.

आता असा आहे: पूर्ण स्क्रीन काळपट लाल. पेशंटचं नाव सर्वात मोठं. खाली औषध, खाली ‘याने जीव जाऊ शकतो’. खाली उजवीकडे काहीच नाही. निळं बटण नाहीच. मधोमध दोन सारखी बटणं, ‘देऊ नका’ आणि ‘तरीही द्या’. ‘तरीही द्या’ दाबलं तर दुसऱ्या सिस्टरचा पिन लागेल.

के.ने बघितलं. "कुरूप आहे."

"हो."

"पिनचा परत विचार कर. दुसरी सिस्टर नसली तर?"

"तर देऊ नये. तेच तर हवंय."

मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

स्वतःसाठी नियम ठरवला, नियम मोडण्याचा नियम: जिथे केलेलं परत फिरवता येत नाही, तिथेच मोडायचा. बाकी सगळीकडे के.ची नियमावली बरोबर. वाचताना बरं वाटतंय हे वाक्य.

सोम., १० फेब्रु.

पायलट सुरू. जिन्सीचाच वॉर्ड. पहिल्या दिवशी एकदाच स्क्रीन आला. एका बाईला सल्फाची ॲलर्जी, डॉक्टर विसरला होता. जिन्सी थबकली, वाचलं, डॉक्टरला फोन लावला, औषध बदललं. एवढंच. बाई पलीकडे डब्यातली चपाती खात होती, तिला कळलंही नाही.

मी जिन्यात जाऊन रडले. आता लिहिताना लाज वाटतेय पण रडले.

बुध., १२ फेब्रु.

सेल्सचा निखिल आला, खूश. "रेहाना, काय स्क्रीन आहे यार! हॉ.वाले विचारतायत, इन्शुरन्सचा कागद अपलोड केला नसेल तर हाच दाखवता येईल का? त्या पिवळ्याकडे कोणी बघतच नाही."

"नाही."

"अरे फक्त रंग बदलून."

"नाही म्हटलं ना."

के.ने त्याला बाहेर नेलं. परत आल्यावर मला म्हणाला, "ही सुरुवात आहे. फार्मसीवाल्यांना किडनीच्या औषधांना हवाय, लॅबला रिपोर्टला हवाय. वर्षभरात सगळेच स्क्रीन लाल होतील आणि अंगठा मधोमध जाऊन थांबेल. मग तू काय करशील? हिरवा?"

खरं आहे. मोडलेला नियम एकदा सगळ्यांना आवडला की तोच नवा नियम.

गुरु., २० फेब्रु.

चौकशी. हॉ.चा तळमजला, लांब टेबल, एसी इतका की प्रणालीने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. तिचे सासरे बाहेर बाकावर. टेबलामागे तीन डॉक्टर, एक वकील. वकिलानेच सगळं विचारलं.

"स्क्रीन तुमच्या कंपनीच्या नियमांप्रमाणे होता?"

"होता."

"इशारा दिसत होता?"

"दिसत होता. पण —"

"मराठी वाचता येणाऱ्या माणसाला कळेल असा होता?"

"वाचलं तर कळेल. प्रश्न वाचण्याचा नाही, सर. दिवसभर त्याच जागी तोच चौकोन, त्यात नव्वद टक्के बिनकामाचे. शरीर शिकतं की हे वाचायचं नसतं. आम्ही शिकवलं ते. नियम पाळून शिकवलं."

एका वयस्क डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या पहिल्यांदाच बोलल्या. "तुमचा नवा स्क्रीन असता तर तो मुलगा वाचला असता?"

"मला वाटतं, हो."

"वाटतं."

"हो. वाटतं."

नव्वद टक्के का म्हणाले? मोजलेलं नाही मी. तोंडातून गेलं. कोणी पकडलं नाही.

बाहेर प्रणालीने हात धरला. म्हाताऱ्या काकांनी पिशवीतून सुक्या बोंबलांचा पुडा काढून दिला. अम्मी खूश. मी जेवले नाही.

शुक्र., २१ फेब्रु.

मी काय बोलले ते मॅनेजमेंटला कळलंय. कोणी काही म्हटलं नाही. दुपारच्या मीटिंगच्या बोलावण्यात माझं नाव नव्हतं. के. म्हणाला, चुकून राहिलं असेल. दोघांनाही माहीत, चुकून नाही.

गुरु., २७ फेब्रु.

प्रणालीचा मेसेज. त्या डॉक्टर बाई तिच्या बाजूने आहेत असं ऐकलं. कदाचित फक्त ताकीद देतील, परत घेतील. ‘ताई’ लिहिलंय आता, मॅडम नाही. खाली हात जोडल्याची चित्रं, एक ओळभर.

रवि., २ मार्च

पहिला रोजा. अम्मीने सांदण केली इफ्तारला. बोनकोड्याहून मावशी आली होती. बऱ्याच दिवसांनी घरात हसू. मावशीने विचारलं, "तू कंपनीत नक्की काय करतेस गं?" अम्मीच म्हणाली, "बटणं कुठे लावायची ते सांगते. मोठं काम हाय ते." 

मंगळ., ४ मार्च

नीट लिहून ठेवायला हवं. जमेल तसं लिहिते.

काल दुपारी जिन्सीच्या वॉर्डात कमलाबाई नावाच्या पेशंटला फिट आली. आली ती थांबेना. फिटचं इंजेक्शन कुलपातल्या ड्रॉवरमध्ये असतं, टॅबवर नोंद झाली की ड्रॉवर उघडतो. जिन्सीने नोंद केली. माझा लाल स्क्रीन आला.

कारण बाईंच्या नावापुढे त्याच औषधाची ‘तीव्र ॲलर्जी’ नोंदलेली होती. प्रत्यक्षात ॲलर्जी नव्हतीच. मागे कधीतरी ते औषध घेतल्यावर त्यांना खूप झोप आली होती. ॲडमिट करताना मुलीने सांगितलं, "आईला ते सोसत नाही." ज्याने भरलं त्याने यादीतलं जे समोर होतं ते निवडलं.

पायलटपुरतं आम्ही बोट कुठे पडतं ते रेकॉर्ड करत होतो. आज बघितलं. जिन्सीचा अंगठा खाली उजवीकडे. जिथे काहीच नाही. परत तिथेच. परत. परत. रिकाम्या जागेवर नुसते ठिपके. मग मधलं बटण सापडलं, ‘तरीही द्या’. मग पिन. दुसरी सिस्टर भलत्याच एका पेशंटला घेऊन एक्स-रेला खाली गेलेली. जिन्सी ओरडत व्हरांड्यात धावली, शेजारच्या वॉर्डातून एकीला ओढत आणलं.

इंजेक्शन मिळालं. उशिरा. बाई आयसीयूत आहेत, शुद्धीवर आलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, फिट लांबल्याने मेंदूला किती इजा ते आत्ता सांगता येणार नाही. आधीचा आजारही होताच. ‘आधीचा आजारही होताच’ हे वाक्य मी आज कितीदा मनात म्हटलं.

के. पिनचं बोलला होता. आज त्याने त्याची आठवणही करून दिली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

बुध., ५ मार्च

मेल आला. विषय: नियमावलीपासून फारकत. मजकुरात माझं नाव दोनदा. ‘सदर स्क्रीन मंजूर मानकांनुसार नव्हता.’ पायलट तात्पुरता बंद. उद्या दुपारी मीटिंग, कायमचा काढायचा की बदलून ठेवायचा. मी माझं म्हणणं मांडायचं.

के. टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सूट मी दिली होती."

"मेलमध्ये तुझं नाव नाही."

"माहीत आहे."

उभाच राहिला. मग गेला.

एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. नियम पाळून माणूस गेला तेव्हा दोष सिस्टरचा. नियम मोडून झालं तर माझा. नियमाचा कधीच नाही. लोक नियम पाळतात ते उगाच नाही. आत राहिलं की ऊन लागत नाही.

आणि माझा तो सुंदर नियम, परत फिरवता येत नाही तिथेच मोडायचा. न थांबणं परत फिरवता येत नाही. थांबणंही परत फिरवता येत नाही. हे मला तेव्हा का दिसलं नाही? दिसलं नाही कारण मी संतोषकडे बघत होते. दुसरं कोणी त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर नव्हतंच.

बुध., संध्याकाळ

प्रणालीचा फोन. रडत नव्हती, त्याचीच भीती वाटली.

"ताई, वकिलाने कमिटीला तुमच्या त्या स्क्रीनचं सांगितलं. म्हणतात, बघा, स्क्रीन बदलूनही काही होत नाही, शेवटी सिस्टरवरच असतं. माझा निकाल पुढे ढकललाय." थोडं थांबून, "तुम्ही मुद्दाम नाही केलं. मला माहितीय. पण तुम्ही नसतं केलं तर बरं झालं असतं का, हेच मला कळत नाही."

मला तरी कुठे कळतंय.

मागून काकांचा आवाज आला, "ठेव तो फोन." तिने ठेवला.

गुरु., ६ मार्च

सकाळी ऑफिसला न जाता आधी हॉ.त गेले. आयसीयूच्या बाहेर कमलाबाईंची मुलगी. वीस-बावीसची असेल, केस विंचरलेले नाहीत, मांडीवर आईची चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी कोण ते सांगायला गेले होते. सांगणार होते. तिनेच माझ्याकडे बघून जागा करून दिली, "बसा ना, तुमचं कोण आहे आत?"

"ओळखीच्या आहेत," म्हणाले. बसले. तिने तिच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. रोजा आहे म्हटलं. तिने पटकन बाटली मागे घेतली, सॉरी म्हणाली. तिने. मला.

सांगितलं नाही. उठले.

वर गेले. जिन्सी ड्यूटीवर. तिला कोणी सस्पेंड केलेलं नाही, कारण या वेळी दोष द्यायला स्क्रीन आहे. एवढं तरी झालं. डोळ्यांखाली काळं. टॅबवर परत पिवळा चौकोन, परत निळं बटण. पायलट बंद झालाय ना. मी उभी असताना एक आला. अंगठा आधीच तिथे होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी टॅबकडे. काय लिहिलं होतं ते दोघींनीही वाचलं नाही.

सोबत दोन आराखडे होते. एकात लाल स्क्रीन पूर्ण काढलेला. दुसऱ्यात ठेवलेला, पिन काढून, ‘तातडी’ असं एक बटण घालून. दुसऱ्याचं भय मला माहीत आहे. घाईच्या वॉर्डात सगळंच तातडीचं. महिन्याभरात अंगठा ‘तातडी’वर जाऊन थांबेल. पहिल्याचं भय करड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: संतोष.

"सिस्टर, दुपारी मीटिंग आहे. तुम्हीच सांगा. काढू का तो स्क्रीन?"

ती सलाइनचे थेंब मोजत होती, मोजून झाल्यावर म्हणाली, "त्या सल्फावाल्या बाईला मी मारलं असतं त्या दिवशी. तो लाल आला म्हणून नाही मारलं." 

"म्हणजे ठेवू?"

"काढू नका."

ट्रे उचलला, पुढच्या कॉटकडे निघाली, परत वळली.

"पण माझ्या ड्यूटीला लावू नका."

दुपार. के. बोलवायला आलाय, दारात उभा. दोन्ही आराखडे घेऊन जातेय. कोणता आधी उघडायचा ते अजून